बाबांचा आवाज साठवताना

माझ्या सासऱ्यांचा आवाज मार्चमध्ये बसला तो सुटलाच नाही. हवा बदलली असेल, फ्रीजमधलं पाणी प्यायले असतील, असं म्हणत थोडे दिवस गेले. मग घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला आणि स्वरयंत्राचा कॅन्सर असल्याचं कळलं. गाठ अशा जागी आणि इतकी वाढलेली होती की संपूर्ण स्वरयंत्र काढण्यावाचून इलाज नव्हता. आवाज तीन आठवड्यांहून जास्त दिवस घोगरा राहिला तर घसा दाखवून घ्या, एवढं मी आता भेटेल त्याला सांगते.

सुरुवातीला घरात एकच प्रश्न होता, पसरलंय का? नव्हतं पसरलं. तो जीव भांड्यात पडल्यावर मग ऑपरेशन म्हणजे नेमकं काय ते डोक्यात शिरायला लागलं. स्वरयंत्र काढलं की श्वासनलिकेचं तोंड गळ्याच्या खालच्या बाजूला एक भोक करून तिथे आणतात. माणूस कायमचा त्या भोकातून श्वास घेतो. नाकातोंडातून हवा जात नाही, त्यामुळे वास फारसा येत नाही, चहावर फुंकर मारता येत नाही, शीळ घालता येत नाही, मोठ्यानं हसता येत नाही. आवाज तर जातोच.

बोलायचे मार्ग पुढे असतात. अन्ननलिकेत हवा घेऊन ती वर सोडत बोलायला शिकता येतं, गळ्याला टेकवायचं बॅटरीवरचं यंत्र मिळतं, किंवा श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत एक छोटी सिलिकॉनची झडप बसवतात. गळ्याचं भोक बोटानं झाकून बोललं की फुप्फुसातली हवा झडपेतून अन्ननलिकेत जाते आणि तिथल्या कंपनातून आवाज येतो. ही झडप १९८० मध्ये अमेरिकेतल्या सिंगर आणि ब्लोम या दोघांनी प्रचारात आणली. आपल्याकडे बंगळूरचे डॉ. विशाल राव यांनी पन्नास रुपयांत मिळेल अशी झडप तयार केली, तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली होती. सांगायचं एवढंच की माणूस मुका होत नाही. पण येतो तो आवाज आधीचा नसतो.

ऑपरेशनच्या आधी रुग्णालयानं आमची स्पीच थेरपिस्ट बाईंशी गाठ घालून दिली. त्यांनी हे सगळं चित्रं काढून समजावलं आणि आम्ही उठताना म्हणाल्या, "घरात रोज जे बोलता ना, ते यांच्या आवाजात भरून ठेवा. नंतर मागून मिळणार नाही." बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातले जॉन कॉस्टेलो यांनी रूढ केलेली ही पद्धत आहे: ज्याचा आवाज जाणार आहे त्यानं आपली नेहमीची वाक्यं, हाका, उद्गार स्वतःच्या लकबीसकट आधीच साठवून ठेवायचे. दुसरी पद्धत कॉम्प्युटरनं आवाज बनवायची. ॲपलनं २०२३ मध्ये तशी सोय आणली, तेव्हा दीडशे वाक्यं वाचून दाखवावी लागायची आणि तीही इंग्रजी. आमच्या बाबांनी आयुष्यभर मराठी छापलं आणि मराठीच बोलले. आम्ही साधा, पहिलाच रस्ता धरला.

हे काम माझ्याकडे आलं याचं मला तेव्हा ओझं वाटलं, आता वाटतं की ते बरोबरच हातात आलं होतं. माझ्या नवऱ्याला बाबांसमोर फोन धरून बसणं जमेना, त्याचा गळा दाटून यायचा. नणंद नाशिकला. शिवाय पोटच्या मुलांना बापाच्या गोष्टी माहीत असतात, निदान तसं त्यांना वाटतं. बाबांनी तोंड उघडलं की "हो हो, ते सायकलचं ना" म्हणून ती वाक्य पुरं करून टाकतात. मी मिरजेची. बाबांच्या वाड्याला किती खोल्या होत्या हेही मला ठाऊक नव्हतं. मला खरोखरच विचारावं लागत होतं आणि त्यांना खरोखरच सांगावं लागत होतं.

आईंना, म्हणजे सासूबाईंना, हे पटलं नव्हतं. "आत्ताच कशाला हे? माणूस ठणठणीत होऊन घरी येणार आहे." बाबा म्हणाले, "अगं, माणूस येणारच आहे. आवाज यायचा नाही. त्याची तजवीज करतोय." मला त्यांनी दोन अटी घातल्या. ते स्वतः उपदेश करणार नाहीत, आणि कुणी रडायचं नाही. पहिली अट माझ्या फार उपयोगी पडली. नातवंडांसाठी संदेश, आयुष्यानं काय शिकवलं, असलं काही मी विचारलंच नाही. मला त्यांचा मंगळवार हवा होता. कुठलाही मंगळवार, १९५८ मधला, १९७५ मधला.

बाबा नारायण पेठेत वाढले. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि त्यांच्या वाड्यात पाणी शिरलं तेव्हा ते शाळेत होते. पुराची हकिगत आमच्या घरात इतक्यांदा सांगून झाली आहे की तिची वाक्यं ठरलेली आहेत, थांबायच्या जागासुद्धा. पहिल्याच सकाळी त्यांनी ती तशीच, एका दमात सांगितली. ती झाल्यावर मी विचारलं, "बाबा, पूर ओसरल्यावर पहिलं जेवण कुठं जेवलात?"

ते थांबले. हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मग म्हणाले, "मावशीकडे. ती उंचावर राहायची, पर्वतीच्या अंगाला. पिठलं-भात केला होता तिनं. ताटं कुठली पुरणार? आम्हां पोरांना एका परातीत वाढलं. पाच जण. मध्ये भाताच्या भिंती घालून ज्याचं त्याचं पिठलं ज्याच्या त्याच्या बाजूला. आणि आमचा थोरला बोटानं हळूच भिंत पाडायचा आणि सगळं पिठलं आपल्याकडे वळवायचा. मावशी ओरडली, मेल्यांनो, आता इथंही धरण फोडलंत का रे!"

माझा नवरा आतल्या खोलीतून बाहेर येऊन दारात उभा राहिला. पन्नाशीला आलेल्या माणसाला आपल्या बापाबद्दलची ही गोष्ट नवीन होती. पूर त्यानं शंभरदा ऐकला होता, परात एकदाही नाही. त्या सकाळनंतर मी मोठ्या घटनांच्या मागे लागायचं सोडून त्यांच्या आजूबाजूला काय होतं ते विचारत गेले. जेवलात काय, झोपलात कुठे, अंगावर काय होतं, दाराची कडी कशी लागायची. "लहानपणाबद्दल सांगा" म्हटलं की "बरं होतं, गरिबी होती, पण मजा होती" यापलीकडे माणूस जात नाही. "वाड्यात पहाटे पहिला आवाज कशाचा यायचा?" म्हटलं की बंबात ढलपी टाकल्याचा आवाज येतो, मग बंब कुणाचा, मग पाण्यासाठीचं भांडण, मग भांडणारी शेजारीण, मग तिच्या हातची साटोरी.

सर्वात जास्त मिळालं ते वाड्यातून चालत गेल्यावर. वाडा आता नाही, तिथे सोसायटी उभी आहे. पण मी म्हणायचे, "दिंडी दरवाजातून आत आलो बाबा, आता डावीकडे काय?" आणि ते डोळे मिटून सांगायचे. ओटा. ओट्यावर शिंप्याचं मशीन. मग चौक, चौकात तुळस, तुळशीच्या मागे नळ. जिना चढताना तिसरी पायरी वाजायची म्हणून रात्री उशिरा आलेली पोरं ती ओलांडून यायची. एका बैठकीत आम्ही जेमतेम चौकापर्यंत पोचायचो.

आता रेकॉर्डिंग कसं केलं ते सांगते, कारण त्यात बारीकसारीक गोष्टींनी फार फरक पडतो. वेगळं यंत्र काही घेतलं नाही. फोनमधला रेकॉर्डर वापरला, फक्त सेटिंगमध्ये जाऊन आवाजाचा दर्जा सगळ्यात वरचा ठेवला आणि फोन विमान-मोडवर टाकला, म्हणजे मध्येच कुणा नातेवाइकाचा "कसं आहे आता?" असा फोन येऊन गोष्ट तुटत नाही. फोन घडी घातलेल्या पंचावर ठेवायचा. टेबलावर नुसता ठेवला तर कपबशी टेकवल्याचा धप्पकन आवाज भरला जातो. तोंडापासून वीतभर, थोडा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ' म्हणताना हवेचा फटका बसत नाही. पंखा बंद. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पंखा बंद करून बसणं सोपं नाही, म्हणून आम्ही सकाळी चहा झाल्या झाल्या बसायचो, गाद्या ठेवतो त्या खोलीत. गाद्या-उशांमुळे खोलीत आवाज घुमत नाही. आधी मिनिटभर भरून इअरफोननं ऐकायचं, मगच सुरू.

वीस मिनिटांच्या वर मी त्यांना बोलू दिलं नाही. शेजारी कोमट पाणी. थेरपिस्ट बाईंनी बजावलं होतं की जोरात खाकरू नका आणि कुजबुजूही नका, कुजबुजल्यानंही ताण येतो. आवाज घोगरा होता तो तसाच घेतला. त्याचं वाईट वाटायचं, पण मूळचा खणखणीत आवाज दुसरीकडे सापडत गेला. माझ्या नवऱ्याच्या मुंजीची व्हिडिओ कॅसेट माळ्यावर होती, ती तपकीर गल्लीतल्या एका दुकानदारानं पेन ड्राइव्हवर उतरवून दिली. भटजींच्या मंत्रांच्या मागून "पंगत बसवा, पंगत बसवा" ओरडणारा माणूस म्हणजे बाबा. आणि व्हॉट्सॲपवर त्यांनी गेल्या काही वर्षांत पाठवलेले व्हॉइस मेसेज! "येताना हिंग आण. खडा हिंग, पूड नको." असल्या पाच-सात सेकंदांच्या फायली फोनच्या फोल्डरात पडून होत्या. फोन बदलला, चॅट पुसलं, की त्या जातात. मी एकूण एक बाहेर काढून ठेवल्या. घरातल्या सगळ्यांचे फोन त्यासाठी धुंडाळले.

बाबा कंपोझिटर होते. बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात त्यांनी खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवले, ऑफसेट छपाई येऊन ते काम संपेपर्यंत. छापखान्यावर बोलायला बसले की त्यांचा उजवा हात मांडीवर चालू व्हायचा. डाव्या हातात स्टिक, म्हणजे खिळे ओळीनं लावायची पट्टी, धरल्यासारखी बोटं वळलेली, आणि उजवी बोटं समोरच्या अदृश्य खणांतून खिळे उचलतायत. कुठल्या खणात 'क', कुठल्यात काना, हे सांगताना ते विचार करत नव्हते, हात आधी जायचा आणि तोंड मागून. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, तरी त्यांना ते सुलट्याइतकंच सहज वाचता यायचं.

"लग्नसराईत," बाबा सांगतात, "सगळ्या पुण्याची लग्नं एकदम. पत्रिकेत काय असतं? चि., चि. सौ. कां., श्री., सौ. बाकी सगळे खिळे पडून असायचे आणि हेच संपायचे. मग पोऱ्याला शेजारच्या छापखान्यात धाडायचं. म्हणावं, चार 'चि.' द्या आणि दोन 'सौ.' द्या, संध्याकाळी परत आणून देतो. तो पोऱ्या रस्त्यानं ओरडत जायचा, चार चि. दोन सौ., चार चि. दोन सौ., विसरू नये म्हणून."

दिवाळी अंकांच्या हंगामात रात्रपाळ्या असायच्या. पहाटे काम संपलं की सगळे शाईच्या हातांनी अमृततुल्यात जाऊन बसायचे, आणि मालकाला ते चालायचं, फक्त त्यांच्यासाठी वेगळ्या कपबशा ठेवलेल्या होत्या. हे सांगताना बाबांनी खिशातल्या पेनानं स्टीलच्या पेल्यावर टकटक केलं, खिळे स्टिकमध्ये बसताना कसा आवाज येतो ते दाखवायला. ते टकटकही भरलं गेलं आहे. मला ते फार मोलाचं वाटतं. लिहून ठेवलं असतं तर हे राहिलं असतं कुठे?

आई सुरुवातीला या खोलीत येत नव्हत्या. पण बाहेरून कान असायचाच. बाबा काही चुकीचं सांगतायत असं वाटलं की स्वयंपाकघरातून दुरुस्ती यायची. मग दारातून यायला लागली. मग एक दिवस त्या खुर्ची घेऊनच बसल्या. माझी कळकळीची विनंती आहे की असं घडलं तर रेकॉर्डिंग थांबवू नका. दोघांचं एकमेकांना तोडणं, दुरुस्त करणं, हाच त्या घराचा खरा आवाज असतो. आमच्या संग्रहातली सगळ्यांची लाडकी फाइल अशीच तयार झाली. ती सायकलची.

तेव्हा सायकलवर डबलसीट नेलं की पोलीस पकडायचे. नवं लग्न झालेलं, आणि बाबा आईंना मागे बसवून डेक्कनकडे निघालेले.

"अलका टॉकीजचा चौक आला की हिला म्हणायचं, उतर. ही उतरायची आणि फुटपाथनं चालायची, जशी काही माझी ओळखच नाही."

"ओळख नव्हतीच फारशी. महिना झाला नव्हता लग्नाला."

"पोलिसाच्या पुढून मी एकटा. साळसूद. चौक ओलांडला की ही परत बसायची."

"एकदा नाही बसले."

"कधी?"

"लकडी पुलावर. मी मागून येतेय, तर तुम्ही आपले बोलत बोलत निघालात. मला वाटलं थांबतील, तर कसले! थेट डेक्कनपर्यंत एकटेच बोलत गेलात."

"मला वाटलं तू बसलीयेस!"

"वजन कळलं नाही?"

"तेव्हा कुठं होतं वजन!"

आणि मग बाबा हसले. पोट धरून, खोकला येईपर्यंत, आणि खोकला थांबल्यावर पुन्हा. आईही हसल्या, मीही. ते हसणं पाऊण मिनिट चाललंय. मोठ्यानं हसणं ऑपरेशननंतर जाणार हे मला माहीत होतं, पण ते मागून कसं मिळवणार? "बाबा, हसा बरं" म्हणून खरं हसू येत नाही. ते असं गप्पांच्या ओघातच सापडतं.

रोजच्या वाक्यांची यादी आम्ही वेगळी केली. त्यासाठी दोन-तीन दिवस मी फक्त लक्ष ठेवून होते की ते दिवसभरात काय काय बोलतात. "अगं, ऐकतेस का?" "चहा होतोय का?" "आलो आलो." "सावकाश जा, घाई नको." माझ्या मुलीला "चिमणे". भाच्याला "काय रे टग्या". क्रिकेट बघताना "अरे काय हे!" दार उघडताना "कोण आहे?" जेवणाआधीचा श्लोक. शिंक. शीळ, जी आम्ही जिन्यात घातलेली रात्री ऐकायचो आणि समजायचो की बाबा आले. हे सगळं सुटंसुटं, एकेका फाइलमध्ये. एकेक वाक्य दोन-तीनदा म्हणून घेतलं, कारण "ऐकतेस का" रागातलं वेगळं असतं आणि साधं वेगळं.

एका सकाळी त्यांना मंडईत घेऊन गेलो, खिशात फोन चालू ठेवून. वांग्यांचा भाव, भावावरून घासाघीस, "ताई, कोवळी आहेत ना?" हे सगळं. गोंगाटामुळे तांत्रिकदृष्ट्या ते रेकॉर्डिंग अगदी सुमार आहे, पण महात्मा फुले मंडईत बाबा आयुष्यभर असेच ऐकू आले. ठेवलं.

फायलींच्या नावांचं आधीच ठरवलं होतं. आधी वर्ष, महिना, तारीख, मग विषय, म्हणजे त्या आपोआप ओळीनं लागतात. एका वहीत प्रत्येक फाइलसमोर एक ओळ: कशाबद्दल, कोण कोण बोललंय. प्रत एक फोनमध्ये, एक हार्ड डिस्कवर, एक इंटरनेटवरच्या ड्राइव्हमध्ये, आणि नणंदेकडे नाशिकला एक पेन ड्राइव्ह. व्हॉट्सॲपनं पाठवायचं तर फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडायची.

या दिवसांत बाबांमध्ये काय बदललं तेही सांगायला हवं. तपासण्या, रिपोर्ट, विम्याचे कागद यांत ते गप्प गप्प व्हायला लागले होते. हे सुरू झाल्यावर ते उद्याचे विषय आदल्या रात्री काढून ठेवायला लागले. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर, बारीक नेटक्या अक्षरात: 'हौदातलं कासव. सर्कशीचे पास. गुळाची ढेप.' सकाळी मी उठायच्या आत ते गाद्यांच्या खोलीत पंखा बंद करून बसलेले असायचे. कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव्ह यांनी असाध्य आजाराच्या रुग्णांबरोबर असंच काम केलं आहे. रुग्णाला त्याच्या आयुष्याबद्दल विचारायचं, ते ध्वनिमुद्रित करायचं, उतरवून काढायचं, त्याला वाचून दाखवायचं आणि त्याच्या माणसांसाठी त्याच्या हवाली करायचं. २००५ मध्ये त्यांनी शंभर रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि बहुतेकांनी त्याबद्दल समाधान सांगितलं होतं. आमच्या बाबांचा आजार तसा असाध्य नव्हता. तरी मला घरात दिसलं ते हेच: ज्याला दिवसभर सगळे "दुखतंय का?" विचारतात, त्याला रोज वीस मिनिटं कुणी "मग थोरल्यानं काय केलं?" असं विचारलं की त्याचा चेहराच बदलतो.

ऑपरेशन झालं. नाकातून नळी, गळ्याला बँडेज, हातात पाटी. आम्ही रोजची वाक्यं एका जुन्या फोनवर बटणांच्या ॲपमध्ये घातली होती, प्रत्येक बटणावर मराठीत नाव. चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी आई बाजूच्या बाकावर बसल्या बसल्या पेंगत होत्या. बाबांनी बटण दाबलं. "अगं, ऐकतेस का?" आई डोळे उघडायच्या आत म्हणाल्या, "आले." मग त्यांना कळलं. बाबांनी पाटीवर लिहिलं, 'पाणी नको. बघत होतो चालतं का.'

घरी आल्यावरचे आठवडे कठीण होते. बोलणं नाही, झडपेचा सराव अजून सुरू व्हायचा, आणि संध्याकाळी ते खिडकीशी बसून राहायचे. तेव्हा मी रेकॉर्डिंग लिहून काढायला घेतलं. फोनवरच्या मराठी व्हॉइस टायपिंगला त्यांचा घोगरा आवाज कळेना, म्हणून एका कानात त्यांचं वाक्य ऐकायचं आणि तेच मी माझ्या आवाजात फोनला सांगायचं, असं केलं. वेळ लागतो, पण टाइप करण्याहून कमी. छापलेली पानं बाबांच्या हातात दिली आणि ते एकदम कामाला लागले. लाल पेन मागवलं. समासात प्रूफाच्या खुणा, जुन्या पद्धतीच्या. ऱ्हस्व-दीर्घ तर सुधारलेच, पण जिथे जिथे आईंनी त्यांना तोडलं होतं तिथे समासात उत्तरंही लिहिली. सायकलच्या पानावर: 'लकडी पुलावर उतार होता. वजन कळणे शक्य नव्हते.' आईंनी ते वाचलं आणि खाली पेन्सिलनं त्यांचं उत्तर लिहिलं. ते पान आम्ही तसंच ठेवलं आहे.

सगळ्यांनाच हे ऐकवतं असं नाही. नणंदेनं तिचा पेन ड्राइव्ह अजून लावलेला नाही. माझी मुलगी मात्र शिकायला बाहेरगावी गेली तेव्हा "सावकाश जा, घाई नको" आपल्या फोनमध्ये घेऊन गेली, आणि ती हसण्याची फाइल अभ्यासाला बसण्याआधी लावते म्हणे. बाबांना हे कळल्यावर त्यांनी विचारलं, "दुसरी नाही का चांगली एखादी?" झडपेनं विचारलं. हो, आता ते बोलतात. गळ्यावर अंगठा ठेवून, मध्ये मध्ये थांबत, खरखरीत जाड आवाजात. नवख्या माणसाला पटकन कळत नाही, आम्हांला सगळं कळतं. आणि आम्ही हाही आवाज भरतो. बाबा म्हणतात, हौदातल्या कासवाचं राहिलंय.

तपासणीला गेलं की रुग्णालयाच्या बाकावर ते ऑपरेशन व्हायच्या माणसांशी मुद्दाम जाऊन बोलतात, आपला गळा दाखवतात, घाबरू नका म्हणतात. मागच्या वेळी बारामतीकडचे एक शेतकरी भेटले, त्यांची तारीख जवळ आली होती. बाबांनी त्यांना पत्रिकेच्या मागे प्रश्नांची यादी लिहून दिली आणि खाली माझा नंबर. त्यांच्या मुलाचा फोन आला. म्हणाला, "ताई, अण्णा बोलतच नाहीत, दहा मिनिटांत दमतात, काय विचारू?" मी म्हटलं, दहा मिनिटं पुष्कळ आहेत. पंखा बंद कर, आणि आधी गोठ्यातल्या जनावरांची नावं विचार, अगदी त्यांच्या लहानपणापासूनची.